कॉम्प्युटरचा आजार ओळखायला किती खर्च यावा?

नंदुरबार, नवापूर, शहादा, साक्री या भागातली मुले पोटापाण्यासाठी सुरतेला येतात, ही काही नवी गोष्ट नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एकच बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांचेही तसेच आहे. शेती इकडे आणि पगार तिकडे! पूर्वी ही मुले यंत्रमागावर, साड्यांच्या बाजारात किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये लागत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. ते म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती. आयटीआयचा कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा कोर्स करायचा, वर्ष-दोन वर्षे कुणाच्या तरी हाताखाली काढायची आणि मग स्वतःचे टेबल मांडायचे, असा हा सरळ रस्ता आहे.

मीही याच रस्त्याने आलो. सध्या माझे छोटेसे दुकान कोसाडला आहे. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुरतेहून बडोद्याकडे निघालेली लोकल तापी ओलांडते, उत्राण घेते आणि पुढचे स्टेशन येते ते कोसाड. अमरोलीला लागून असलेला हा भाग. महानगरपालिकेने गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या आवासच्या इमारती इथेच आहेत. त्यात गुजराती, उत्तर भारतीय, ओडिया आणि आपली खान्देशी माणसे शेजारी शेजारी राहतात. यांच्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. कुणाची मुलगी त्यावर अभ्यास करते, कुणी घरबसल्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, कुणी साडीवरच्या भरतकामाची डिझाईन बनवतो. तो बंद पडला की घरातली एक कमाई बंद पडते.

गावाकडून नव्याने धंद्यात उतरणारी मुले मला हमखास एक प्रश्न विचारतात. ‘काका, पार्ट तपासायला कोणते सॉफ्टवेअर घेऊ? स्वस्तात चांगले असेल ते सांगा.’ प्रश्न लहान वाटतो, पण त्याच्या उत्तरावर दुकान चालणार की नाही हे ठरते. म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहितो. ज्यांना दुकान काढायचे नाही, पण घरी कॉम्प्युटर आहे, त्यांनीही वाचावे. दुरुस्तीला गेल्यावर काय विचारायचे, एवढे तरी त्यातून कळेल.

चुकलेल्या निदानाचा भुर्दंड

आवासमध्ये राहणारी शहाद्याकडची एक बाई घरी बसून पंचिंगचे काम करते. पंचिंग म्हणजे भरतकामाच्या यंत्राला समजेल अशा भाषेत डिझाईन उतरवणे. दिवाळीचा हंगाम तोंडावर आला होता आणि तिचा कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाने निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. एका दुकानात सांगितले, मदरबोर्ड गेला, आठ हजार लागतील. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, जुना झाला, नवाच घ्या. माझ्याकडे आली तेव्हा तिने अहिराणीत विचारले, ‘दादा, मन्हं कॉम्प्युटर मरी गयं का?’

मी पेनड्राइव्ह लावला आणि रॅम तपासणारा एक फुकटचा प्रोग्रॅम सुरू केला. दहा मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. मशीनमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, दुसरी ठेवली, पुन्हा चाचणी घेतली. मग पट्ट्यांच्या जागा बदलून पाहिल्या, कारण दोष पट्टीत आहे की मदरबोर्डवरच्या खाचेत, हे तसे केल्याशिवाय कळत नाही. एकच पट्टी दोन्ही खाचांत चुका दाखवत होती. जुन्या बाजारातून तशीच पट्टी हजाराच्या आत मिळाली. रात्रभर चाचणी चालू ठेवली. सकाळी एकही लाल ओळ नव्हती.

आता विचार करा. आठ हजारांचा मदरबोर्ड बसवूनही तो कॉम्प्युटर बंद पडतच राहिला असता, कारण जुनीच रॅम नव्या बोर्डावर चढली असती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि हंगाम हातचा गेला असता तो वेगळाच.

सॉफ्टवेअरच्या आधी डोळे आणि हात

मुलांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही की, जे मशीन सुरूच होत नाही, त्याच्यावर कोणतेच सॉफ्टवेअर चालत नाही. तिथे पैसे खर्चायचे ते मल्टिमीटरवर. पॉवर सप्लायच्या पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट यायला हवेत. त्यात पाच टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे १२ च्या जागी ११.४ च्या खाली गेले तर सप्लाय संशयित. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर बोर्डावरची तीन व्होल्टची चपटी बटणबॅटरी आधी मोजा. डेस्कटॉपच्या बोर्डात लावून दोन आकडी कोड दाखवणारे डिबग कार्ड काही शे रुपयांत मिळते. सुरू होताना गाडी कुठे अडली, ते त्यावरून समजते.

सुरतेत आणखी एक आजार फार. यंत्रमाग आणि भरतकामाच्या कारखान्यांत सिंथेटिक धाग्याचा बारीक भुगा हवेत असतो. तो प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि जाळीत जाऊन बसतो. वारा अडतो, प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की मशीन बंद पडते. गिऱ्हाईक म्हणते, व्हायरस आला. खरे तर ब्रश, ब्लोअर आणि प्रोसेसरवर नव्याने लावलेली थर्मल पेस्ट एवढ्यावर काम भागते. अशा ठिकाणी तापमान दाखवणारा प्रोग्रॅम साफसफाईच्या आधी आणि नंतर लावून पाहावा. आकडा उतरला की निदान सिद्ध झाले.

बिनपैशाची, पण भरवशाची साधने

आता सॉफ्टवेअरकडे वळू. दुकान सुरू करताना चार प्रकारच्या चाचण्या हाताशी असल्या की रोजची बहुतेक कामे निभावतात. चारही बिनपैशात मिळतात.

पहिली चाचणी रॅमची. ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्रॅम १९९४ मध्ये ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिला. त्यातूनच २००४ मध्ये ‘मेमटेस्ट८६ प्लस’ ही वेगळी शाखा निघाली. मध्ये कित्येक वर्षे ती थंडावली होती. २०२२ मध्ये तिची सहावी आवृत्ती आली आणि आजच्या नव्या पद्धतीच्या बायोसवरही ती चालू लागली. हा प्रोग्रॅम विंडोजच्या बाहेरून, पेनड्राइव्हवरून चालतो. म्हणून विंडोजच बिघडलेली असली तरी अडत नाही. एक फेरी पुरी झाली म्हणजे रॅम निर्दोष, असे मात्र समजू नये. काही दोष तासन् तास तापल्यावरच वर येतात. विंडोजमध्येही रॅमची चाचणी असते. घरच्या घरी पाहायचे असेल तर ती लावून बघायला हरकत नाही.

दुसरी चाचणी हार्डडिस्कची. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंदवही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम ती वही उघडून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका. नुसत्या रंगावर जाऊ नका, ओळी वाचायला शिका. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा. १९७ म्हणजे ज्या जागा वाचताना डिस्क अडखळते आहे, त्यांची संख्या. १९८ म्हणजे वाचताच न आलेल्या जागा. या तिन्हींत शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर ती डिस्क भरवशाची नाही. पण १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. तिथे तीन हजारांची डिस्क बदलू नका, आधी शे-दीडशेची केबल बदला. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘स्मार्टमॉनटूल्स’ हेच काम करते.

तिसरी चाचणी तापमानाची आणि मशीनमध्ये नेमके काय बसवले आहे ते पाहण्याची. प्रोसेसर कोणता, रॅम कोणत्या वेगाची, हे ‘सीपीयू-झेड’ सांगतो. जुने लॅपटॉप विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न जाता हे जरूर पाहावे.

चौथी चाचणी खुद्द कंपनीने दिलेली. ही बहुतेकांना ठाऊकच नसते. डेलचे मशीन सुरू होताना एफ-१२ दाबून किंवा एचपीचे मशीन सुरू होताना एस्केप आणि मग एफ-२ दाबून आत असलेली हार्डवेअर चाचणी उघडते. लिनोव्होचीही अशी मोफत चाचणी आहे. दोष सापडला तर पडद्यावर एक कोड येतो. मशीन वॉरंटीत असेल तर तो कोड उतरवून घ्या. कंपनीच्या माणसाशी बोलताना तो फार उपयोगी पडतो.

या सगळ्याला लागतो एक चांगला पेनड्राइव्ह आणि रिकाम्या वेळेतले दोन-तीन दिवस. दुकानातल्या जुन्या, मुद्दाम बिघडलेल्या पार्टवर या चाचण्या चालवून पाहा. रोग्याला हात लावण्याआधी नाडी ओळखायला शिकावे.

आधी ऐवज वाचवा, मग तपासणी

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. डिस्क आजारी दिसली की तिच्यावर लांबलचक चाचण्या लावू नयेत. मरायला टेकलेल्या डिस्ककडून सगळे पृष्ठभाग वाचून घेणे म्हणजे धाप लागलेल्या म्हाताऱ्याला डोंगर चढायला लावणे. आधी आतली माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे मोफत साधन यासाठीच आहे. ते चांगल्या जागा आधी वाचून घेते आणि अडखळणाऱ्या जागांकडे शेवटी वळते. डिस्कवर नव्याने लिहून तपासणारी चाचणी तर माहिती पुसूनच टाकते. ती गिऱ्हाइकाच्या डिस्कवर कधीही लावू नये.

आणि नोंदवही निळी दिसली म्हणून निर्धास्तही राहू नये. गुगल कंपनीच्या संशोधकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक हार्डडिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले होते. वाचण्यातली पहिली चूक आढळल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासात हेही दिसले की, निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते. म्हणजे सॉफ्टवेअरने ‘सावध’ म्हटले तर विश्वास ठेवा. ‘ठीक’ म्हटले तरी माहितीची दुसरी प्रत ठेवाच. सुरतेने ऑगस्ट २००६ चा महापूर पाहिला आहे. पाण्यात बुडालेला कॉम्प्युटर नवा घेता येतो, पण लग्नाचे फोटो आणि दुकानाचे खाते बाजारात विकत मिळत नाहीत.

नव्या मशीनबाबत आणखी एक काळजी. विंडोज ११ असलेल्या कितीतरी लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. चाचणीसाठी बायोसमधली सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर मालकच स्वतःच्या घराबाहेर! तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी ती की गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, हे त्याच्याच हाताने उघडून पाहून घ्यावे.

फुकट आणि चोरीचे यात फरक

दुरुस्तीच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना ‘हिरेन’ची सीडी आठवत असेल. एकाच सीडीत सगळी हत्यारे. पण त्यातले कित्येक प्रोग्रॅम विकतचे होते आणि परवान्याशिवाय कोंबलेले होते. ती जुनी मालिका २०१२ साली थांबली. २०१८ पासून ‘हिरेन बूटसीडी पीई’ या नावाने जी आवृत्ती मिळते तिच्यात मोफत साधनेच ठेवलेली आहेत. वापरायची तर ही वापरा.

मोफत शब्दातही गोम असते. काही प्रोग्रॅम फक्त घरगुती वापरासाठी मोफत असतात. उदाहरणार्थ, ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा फार चांगला प्रोग्रॅम आहे, पण धंद्यासाठी वापरायचा तर त्याची विकतची आवृत्ती घ्यावी लागते. मेमटेस्ट८६ प्लस, क्रिस्टलडिस्कइन्फो, स्मार्टमॉनटूल्स, डीडीरेस्क्यू यांचे परवाने खुले आहेत. ते दुकानात बिनदिक्कत चालवता येतात. म्हणून कोणतेही साधन घेताना त्याच्या परवान्याचे पान वाचण्याची सवय लावा.

आणि क्रॅक केलेले महागडे पॅकेज कुणी पेनड्राइव्हवर आणून दिले तर हात जोडून नको म्हणा. एक तर त्याच्यासोबत काय किडे येतील ते सांगता येत नाही, आणि आपण तोच पेनड्राइव्ह दिवसाला पाच घरांच्या कॉम्प्युटरला लावणार! दुसरे म्हणजे कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हजारो रुपये वाचवायला जाऊन दुकान घालवण्यात शहाणपण नाही.

विकतचे केव्हा घ्यावे?

विकतची पॅकेजेस वाईट असतात असे मुळीच नाही. पीसी-डॉक्टर, पासमार्कचे बर्नइनटेस्ट, एडा६४ची तंत्रज्ञांसाठीची आवृत्ती ही नावे जगभर वापरली जातात. ती एकाच वेळी सगळे पार्ट तपासतात आणि नीटनेटका अहवाल छापून देतात. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे.

समजा, एखाद्या पॅकेजला वर्षाला बारा हजार रुपये पडतात. तुमच्याकडे महिन्याला दहा मशीन येत असतील तर वर्षाची एकशेवीस मशीन होतात. म्हणजे एका मशीनमागे शंभर रुपये. नव्या दुकानाला हे जड आहे. पण शाळा, बँक किंवा मोठ्या मार्केटचे कंत्राट मिळाले आणि महिन्याला शंभर मशीन येऊ लागली, तर तोच खर्च मशीनमागे दहा रुपयांवर येतो. शिवाय शंभर मशीनना प्रत्येकी वीस मिनिटे वाचली तर महिन्याचे तेहतीस तास वाचतात. तेव्हा जरूर घ्यावे. थोडक्यात, आधी काम वाढू द्या, मग हत्यार वाढवा. कर्ज काढून आधी हत्यार घेतले तर ते हत्यार काम मागू लागते.

निदानाचे पैसे घ्या

आता खरी सांगायची गोष्ट. आपल्याकडे ‘चेकिंग फ्री’ अशी पाटी लावायची पद्धत आहे. गिऱ्हाईक खूश होते. पण तपासणी फुकट ठेवली की दुकानदाराचे पोट कशावर भरणार? बदललेल्या पार्टवर. मग ज्या मशीनमध्ये काहीच बदलायचे नसते, त्या मशीनमध्ये आपला वेळ फुकट जातो, आणि महिनाअखेरीस भाडे समोर उभे राहिले की चांगला माणूसही मोह पडून म्हणतो, ‘मदरबोर्ड गेला.’ दोष नेहमी माणसाच्या नियतीचाच असतो असे नाही. धंद्याची घडीच तशी बसवलेली असते.

म्हणून मी तपासणीचा ठरावीक आकार ठेवला आहे आणि तो मशीन उघडण्याआधी सांगतो. पुढे दुरुस्ती माझ्याकडे केली तर तो बिलातून वजा होतो. सुरुवातीला लोक कुरकुरले. ‘समोरचा तर फुकट बघतो,’ म्हणाले. पण चाचणीचा पडदा मी त्यांच्याकडे वळवतो. लाल ओळ कुठे आहे, आकडा कोणता आहे, हे त्यांना दाखवतो. मोबाइलने त्याचा फोटो काढून त्यांच्याच व्हॉट्सॲपवर पाठवतो. पार्ट बदलल्यानंतर पुन्हा तीच चाचणी लावून दुसरा फोटो पाठवतो, आणि काढलेला जुना पार्ट त्यांच्या हातात देतो. दोन फोटो शेजारी शेजारी असले की भाषा कोणतीही असो, समजावून सांगावे लागत नाही. एका कोसाडमध्ये चार राज्यांची माणसे माझ्याकडे येतात ती या फोटोंमुळेच, असे मला वाटते.

वाचकहो, तुमचा कॉम्प्युटर दुरुस्तीला न्याल तेव्हा तुम्हीही तीन प्रश्न विचारा. दोष कोणत्या चाचणीत दिसला? मला तो पडद्यावर दाखवाल का? आणि माझी माहिती आधी काढून ठेवली का? जो दुकानदार या तिन्हींची शांतपणे उत्तरे देईल त्याला तपासणीचे शे-दोनशे रुपये आनंदाने द्या.

आणि नव्याने टेबल मांडणाऱ्या माझ्या भावांनो, सॉफ्टवेअरवर आज एक रुपयाही खर्च न करता तुम्ही सुरुवात करू शकता. लागतो तो एक पेनड्राइव्ह, एक मल्टिमीटर आणि पडद्यावरचा आकडा काय सांगतो ते समजून घेण्याची चिकाटी. एखाद्या दिवशी तपासणीअंती असेही निघेल की, मशीनमध्ये काहीच बिघाड नाही, नुसती केबल ढिली होती. त्या दिवशी तसेच स्पष्ट सांगा आणि फक्त तपासणीचे पैसे घ्या. ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी एकटे येणार नाही, शेजाऱ्यालाही सोबत घेऊन येईल.